मेण आधी, सुरी नंतर

प्लास्टिक सर्जरीचं कुठलंही जाडजूड पाठ्यपुस्तक घ्या आणि इतिहासाचं प्रकरण उघडा. सुश्रुताच्या पाठोपाठ पुणं येतं. कपाळाची कातडी खाली वळवून नाक करायच्या रीतीला तिथं ‘भारतीय पद्धत’ म्हटलेलं असतं, शेजारी एका माणसाचं चित्र असतं आणि खाली १७९४ हे साल. या विषयाचा पदव्युत्तर विद्यार्थी ते चित्र परीक्षेपुरतं पाहतो आणि पान उलटतो. ज्या पत्रासोबत ते छापलं गेलं ते पत्र मात्र फारसं कुणी वाचत नाही. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात ते आलं. संपादकाला उद्देशून लिहिलेलं, खाली सही म्हणून नुसती दोन आद्याक्षरं, बी. एल. मजकूर अगदी थोडका, चहा निवायच्या आत वाचून होणारा. मराठी मुलखाविषयी अठराव्या शतकात इंग्रजीत जे काही लिहिलं गेलं, त्यातल्या उत्तम गद्यात मी या पत्राला बसवतो. आणि प्लास्टिक सर्जन घडवताना नेमकं काय शिकवतात, असं कुणी मला विचारलं तर मी हेच पान त्याच्या हातात देईन.

साजगावात बसून हे लिहिण्याला एक कारण आहे. पुण्याहून मुंबईला उतरायची वहिवाटीची वाट बोरघाटाची. घाट उतरला की खोपोली, तिथलं नाना फडणविसांनी बांधलेलं तळं आणि महादेवाचं देऊळ, आणि खोपोलीला लागून आमचं गाव. घाटात गाडीरस्ता झाला तो १८३० साली. त्याआधी माल चढायचा-उतरायचा तो बैलांच्या पाठीवरून. किनाऱ्याचा माल आणि वरचं गिऱ्हाईक यांची गाठ पडावी अशी ही जागा. आमच्या विठोबाला ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात ते उगाच नाही, कार्तिकी एकादशीला यात्रा भरली की देवळाच्या परिसरात सुक्या बोंबलांचा वास दरवळत असतो. पत्रातला माणूस बैलवाला होता. त्याचं नाक पुण्याजवळ झालं, आणि पत्र म्हणतं की तो आता मुंबईत आहे. म्हणजे नवं नाक घेऊन तो बहुधा आमच्याच वाटेनं उतरला.

पत्राची सुरुवात एखाद्या रुग्णाच्या केसपेपरसारखी आहे. माणसाचं नाव कावसजी. मराठा, जात शेतकऱ्याची. (नाव पारशी वाटतं, मूळचा कावजी असेल आणि इंग्रजी कानानं त्याचा कावसजी केला असेल, असा माझा तर्क. छापलंय ते कावसजी, तेव्हा आपणही तेच म्हणू.) टिपूविरुद्धच्या ज्या लढाईत इंग्रज, निजाम आणि पेशवे एका बाजूला होते, तीत हा इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकत होता. टिपूच्या माणसांच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक कापलं आणि एक हात तोडला. तशा अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेत परत आला, कंपनी सरकारनं त्याला पेन्शन बांधून दिलं, आणि वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला.

एवढंच. टिपूला एक शिवी नाही, कावसजीसाठी एक उसासा नाही. त्या काळातल्या इंग्रजी नियतकालिकांना टिपूच्या क्रौर्याच्या कहाण्या किती प्रिय होत्या ते लक्षात घेतलं म्हणजे हा संयम उठून दिसतो. नाक कापायची शिक्षा देणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की माणूस मरणार नाही, जगेल, आणि रोज चारचौघांत दिसेल. यावर दोन पानं सहज लिहिता आली असती. पत्रलेखकानं ती लिहिली नाहीत. माणूस कोण, काम काय करायचा, इजा कशानं झाली, किती दिवस झाले, इतकं नोंदवून तो पुढं सरकतो. वॉर्डात नव्या आलेल्या निवासी डॉक्टरला सर पहिली गोष्ट शिकवतात ती हीच. हळहळ मनात ठेव, कागदावर हकिकत लिही.

मग पत्राचं काळीज येतं, म्हणजे शस्त्रक्रियेचं वर्णन. करणारा पुण्याजवळचा एक माणूस, विटा पाडणाऱ्या जातीचा. आपण त्याला कुंभार म्हणतो. मुंबई इलाख्याचे दोन डॉक्टर, टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, यांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती (फिंडलेचं छापताना ‘ट्रिंडले’ झालंय). वर्णन त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि ते वाचताना आपलेही डोळे हातांवरून हलत नाहीत.

पहिली कृती सुरीची नाही. मेणाचा एक पातळ पापुद्रा घ्यायचा आणि नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर बसवायचा. चांगलं दिसेल असं नाक होईपर्यंत त्याला आकार द्यायचा. मग ते मेण उचलून सपाट करायचं, कपाळावर ठेवायचं आणि भोवतीनं रेघ मारायची. आता कुठं सुरी हातात घ्यायची आणि रेघेच्या आतली कातडी सोडवायची. म्हणजे कापायच्या आधी नाक एकदा पुरतं होऊन गेलेलं असतं. ते उलगडून त्याचा कपडा किती लागेल ते काढलं जातं, आणि मगच ठाणाला कात्री लागते. या सगळ्यासाठी पत्रलेखकानं तीनच लहान वाक्यं खर्ची घातली आहेत. क्रम मात्र एका रेसभरही चुकवला नाही.

आज प्लास्टिक सर्जरीत याला ‘रिव्हर्स प्लॅनिंग’ म्हणतात. जिथं उणीव आहे तिथून सुरुवात करायची, नमुना करायचा, आणि उलट्या दिशेनं जाऊन शरीरात तेवढं भांडवल कुठं आहे ते शोधायचं. जनरल सर्जरीत तीन वर्षं घालवून आलेल्या डॉक्टरला हे जड जातं. तिथं त्याला शिकवलेलं असतं की जे खराब आहे ते काढ. काढण्यात पटाईत झालेल्या हाताला आता आणून लावायला शिकायचं असतं.

आमच्या शेजारची एक मुलगी मुंबईच्या एका पालिका रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. करते. एमबीबीएस, मग इंटर्नशिप, मग एम.एस.ची तीन वर्षं, मग ‘नीट एसएस’, आणि आता ही आणखी तीन. यात्रेच्या वेळी सुट्टीवर आली होती. तिच्या हातात मी या पत्राची प्रत दिली. एका दमात वाचून म्हणाली, “काका, ही तर ओटी नोट आहे. आमच्यापेक्षा चांगली लिहिलीय.” (ओटी नोट म्हणजे शस्त्रक्रिया झाल्यावर तिची लिहून ठेवायची नोंद.) आणि मग माझ्या चहाच्या पुड्यातली चांदी फाडून तिनं मला ओट्यावर बसवलं. “मेण कुणी वापरत नाही आता. टाक्यांच्या दोऱ्याचं पाकीट असतं ना, त्याची चांदी निर्जंतुकच असते, तीच घेतो.” तिनं ती चांदी माझ्या नाकावर ठेवली, बोटांच्या पेरांनी शेंड्यावर, पाकळ्यांवर, नाकपुड्यांच्या कडेनं दाबत नेली, जादा भाग कात्रीनं उडवला आणि उचलून तळहातावर सपाट केली. जो आकार आला त्यात नाकाची ओळख पटेल असं काही नव्हतं. तीन पाकळ्या आणि एक देठ. तो तिनं उलटा करून माझ्या कपाळावर ठेवला, देठ भुवईच्या आतल्या टोकाशी.

इथवर मला वाटलं, संपलं. तिनं पिशवीचा दोरा तोडून घेतला. त्याचं एक टोक भुवईपाशी अंगठ्यानं दाबलं, दुसरं कपाळावरच्या आकाराच्या वरच्या कडेपर्यंत नेलं, आणि तो ताण तसाच ठेवून दोरा खाली नाकाच्या शेंड्याकडं फिरवला. “पोचतोय का हे आधी बघायचं. वळवताना लांबी खाल्ली जाते. कातडं सोडवल्यावर कळलं की अर्धा इंच कमी पडतंय, तर मग काय करणार? आणि कपाळ बुटकं असलं तर आकार केसांत जातो, मग नाकाच्या शेंड्यावर केस उगवतात. काका, तुमची काही काळजी नाही, तुमचं कपाळ मागं पार मानेपर्यंत आहे.”

थट्टा सोडा, पण पत्रातल्या त्या तीन वाक्यांत काय दडलंय ते मला चहाच्या चांदीनं दाखवलं.

पुढची कृती पत्रात अशी येते. कातडी पूर्ण सुटी करायची नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवायची. आणि इथं पत्रलेखक, सबंध वर्णनात जवळजवळ एकदाच, कारण सांगतो: नवा भाग जुन्या भागाशी जुळून येईपर्यंत या पट्टीतून रक्त चालू राहतं. आज आपल्याला माहीत आहे की भुवईच्या आतल्या टोकापाशी सुप्राट्रॉक्लियर नावाची एक बारीक धमनी खोबणीतून वर कपाळात चढते, आणि हा सगळा फ्लॅप, म्हणजे वळवून आणलेला कातडीचा तुकडा, तिच्यावर जगतो. आज डॉपलर लावून तिचा आवाज ऐकता येतो, मग रेघ मारता येते. कुंभारानं धमनीचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण ती तोडायची नाही हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. मग बुंध्याचा जुना, वाळून घट्ट झालेला व्रण खरवडून ताजा करायचा, कारण भरलेल्या जखमेला काही चिकटत नाही. पाकळ्यांच्या भोवतीनं आणि वरच्या ओठाच्या कडेनं एक खाच पाडायची. कपाळाची कातडी खाली आणायची, अर्धा वळसा द्यायचा आणि तिची कड त्या खाचेत बसवायची.

आता वाचक थांबून विचारतो, टाके? टाके नाहीत. कात भिजवून मऊ करायचा, कापडाच्या चिंध्यांवर पसरायचा, आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक सांध्यावर लावायच्या. पानात खातो तोच कात. तो आवळतो, रक्त थांबवतो आणि वाळला की धरून ठेवतो. चार दिवस त्याला हात लावायचा नाही. मग तो काढून तुपात भिजवलेली कापडं. हा परिच्छेद वाचताना मला दर वेळी गंमत वाटते ती अशी की लंडनच्या वाचकासाठी हे सगळं अद्‌भुत होतं, आणि आपल्या घरात यातली प्रत्येक वस्तू पानपुड्यात नाही तर फडताळात सापडते. पत्रलेखकालाही अद्‌भुताचा मोह पडला नाही. तो कात आणि तूप अशा सुरात सांगतो की जणू वाचक उद्या करून पाहणार आहे.

मग येतात दिवस. रुग्णानं पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. चौथ्या दिवशी कात काढायचा. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधली ती जोडपट्टी कापायची आणि नाकाला थोडी डागडुजी करायची. या आकड्यांमध्ये मला पत्राचं खरं सौंदर्य दिसतं. प्लास्टिक सर्जरी ही दिवस मोजायची विद्या आहे, आणि ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्याला वाटतं, टेबलावर गेला आणि नवा चेहरा घेऊन उठला. कपाळाच्या फ्लॅपचा देठ आजही साधारण तीन आठवड्यांनी कापतात. तेवढ्या दिवसांत खालच्या जखमेतून नव्या बारीक वाहिन्या कातडीत शिरतात आणि तिला जुन्या देठाची गरज उरत नाही. आठवड्यात कापलात तर नाक काळं पडेल. कुंभाराचा पंचविसावा दिवस आणि आजचा एकविसावा, यांच्यातलं अंतर चार दिवसांचं आहे, आणि त्या चार दिवसांत दोन शतकांची सगळी सूक्ष्मदर्शकं मावतात.

निवासी डॉक्टरची बरीचशी उमेदवारी या मोजणीत जाते. मोठी शस्त्रक्रिया सर करतात. फ्लॅप रात्रभर जागवायचा तो ज्युनिअरनं. दुसऱ्या जागेवरून संपूर्ण सुटा करून आणलेला, सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडलेला फ्लॅप असला तर पहिली रात्र दर तासाला उठायचं. बोटानं दाबून सोडायचं आणि रंग किती वेळात परततो ते बघायचं. पांढुरका पडला तर रक्त येत नाहीये. निळसर आणि तट्ट झाला तर आलेलं रक्त परत जात नाहीये. शंका आली तर सुई टोचायची. लालभडक थेंब आला तर हायसं वाटतं, काळपट आला तर रात्री तीनला सरांना फोन. आमची शेजारीण म्हणाली, “काका, रंग ओळखायला पुस्तकात शिकवत नाहीत. सावळ्या कातडीवर निळा कसा दिसतो ते रात्रपाळीतच कळतं.”

दहाव्या दिवसाच्या बोळ्यांकडं मात्र मी पुन्हा वळतो, कारण पत्रात एवढीच एक जागा अशी आहे जिथं कर्तबगारीच्या मागची अडचण दिसते. नाक म्हणजे नुसती कातडी नव्हे. बाहेर कातडी, मध्ये कूर्चेचा सांगाडा आणि आत ओलसर अस्तर, असे तीन थर. कुंभारानं बाहेरचा थर अप्रतिम केला. सांगाडा आणि अस्तर त्याच्यापाशी नव्हतं. अस्तर नसलं की आतली उघडी बाजू आकसत जाते आणि नाकपुड्या मिटू लागतात. म्हणून बोळे. पुढच्या सबंध शतकात आणि विसाव्या शतकात नाक करणाऱ्यांनी जी झटापट केली ती या बोळ्यांशीच: अस्तर कुठून आणायचं, सांगाडा कशाचा करायचा. पत्रलेखकाला याची कल्पना नव्हती. त्यानं फक्त दिसलं ते खरं लिहिलं, आणि खरं लिहिलेलं टिपण पुढच्यांच्या असं उपयोगी पडतं.

या बोळ्यांचं उत्तर पुण्यातच एका वेगळ्या वाटेनं आलं. डॉ. नोशीर अंतिया इंग्लंडात सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून परतले आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम करू लागले. कुष्ठरोगात नाक बसतं ते आतून. अस्तर आणि कूर्चा झडतात, बाहेरची कातडी शाबूत असते. म्हणजे कावसजीच्या नेमकं उलट. तिथं कपाळाला हात लावायची गरजच नाही. वरच्या ओठाच्या आतून वर जायचं, आकसलेली कातडी सोडवायची आणि आतून नवं अस्तर द्यायचं. ही रीत गिलीज यांची. अंतियांनी ती कुष्ठरुग्णांवर इथं राबवली. पुढं ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीच्या विभागात गेले आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या तयार केल्या. त्याच सुमारास नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी या विषयाचा विभाग उभा केला. फाटलेल्या ओठ-टाळूचं त्यांनी केलेलं वर्गीकरण आजही ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणून ओळखलं जातं. हे सांगायचं कारण, महाराष्ट्रात ही विद्या परदेशातून आली असं म्हणतात तेव्हा अर्धीच गोष्ट सांगितली जाते. पुण्याहून ती गेली, मोठी होऊन परत आली, आणि येताना अस्तर घेऊन आली.

गेली कशी, तेही याच पत्रातून. लंडनचे सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी हे वर्णन वाचलं, हिंदुस्थानातून परतलेल्यांकडं चौकशा केल्या, प्रेतांवर हात बसवला आणि २३ ऑक्टोबर १८१४ला एका लष्करी अधिकाऱ्याचं नाक केलं. दुसरं एक नाक केल्यावर १८१६ साली दोन्हींचा वृत्तांत त्यांनी पुस्तकरूपानं छापला. दोन वर्षांनी जर्मनीत ग्रेफे यांचं पुस्तक आलं. पत्र छापल्यापासून पहिल्या नाकापर्यंत वीस वर्षं गेली, ही गोष्ट मला पत्राच्या बाजूचीही वाटते आणि विरुद्धही. बाजूची अशी की नुसत्या वर्णनावर हजारो कोसांवरचा माणूस सुरी उचलू शकला, इतकं ते नेमकं होतं. विरुद्ध अशी की वाचून काही येत नाही; प्रेतं लागली, चौकशा लागल्या, धीर लागला.

सुश्रुतानं हे केव्हाच ओळखलं होतं. सूत्रस्थानात शल्यविद्येच्या सरावावर एक सबंध अध्याय आहे, आणि तो मी कुठल्याही आधुनिक अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेपेक्षा जास्त आवडीनं वाचतो. कापायचा सराव कोहळ्यावर, दुध्यावर, काकडीवर. फोडायचा सराव चिखल-पाणी भरलेल्या कातडी पिशवीवर. खरवडायचा केसाळ कातड्यावर. टाके कापडाच्या जाड्या-पातळ कडांवर आणि मऊ चामड्यावर. पट्ट्या बांधायच्या त्या माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर. फाटलेला कान जोडायचा सराव मऊ मांसावर आणि कमळाच्या देठावर. शास्त्र कितीही ऐकलेलं असो, सराव नसलेला माणूस कामाला अयोग्य, असा त्याचा निकाल आहे. आज नवशिके विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली सिलिकॉनच्या नळ्या शिवतात, मग बाजारातून आणलेल्या कोंबडीच्या तंगडीतली मिलिमीटरभर रुंदीची धमनी, केसाहून बारीक दोऱ्यानं. काकडीची कोंबडी झाली, बाकी अध्याय तोच.

नाकाच्या बाबतीत सुश्रुत गालाची कातडी घेतो आणि मापासाठी झाडाचं पान वापरतो. पुण्याचा कुंभार कपाळाची घेतो आणि मेण वापरतो. पान मोजतं, मेण मोजतं आणि घडवतंही. पानानं नाकाची लांबीरुंदी कळेल, उंची कळणार नाही. मेणाचं नाक आधी चेहऱ्यावर उभं राहतं, मग आडवं होतं. रोज सपाट मातीतून उभी वस्तू करणाऱ्या जातीच्या माणसाला हे सुचावं यात मला नवल वाटत नाही.

आता पत्रात जे नाही त्याविषयी. वेदनेबद्दल एक शब्द नाही. ईथरची भूल यायला अजून अर्धं शतक होतं. कपाळाची कातडी सोडवली जात असताना कावसजी कसा पडून राहिला, हे क्रूसो-फिंडलेंनी पाहिलं असणार आणि पत्रात ते आलेलं नाही. कुंभाराचं नाव नाही. पेन्शनर बैलवाल्याचं नाव आहे, बघणाऱ्या दोघांची नावं आहेत. ज्याचा हात, तो नुसता जातीनं ओळखला जातो. तो कुणाकडं शिकला, किती नाकं बिघडवून शिकला, पहिलं नाक त्यानं बापाच्या समोर केलं की बापाच्या मागं, यातलं काही विचारावंसं पाहणाऱ्यांना वाटलं नाही. आजच्या विद्यार्थ्याकडं लॉगबुक असतं: किती केसेस पाहिल्या, किती ठिकाणी मदतनीस होता, किती स्वतः केल्या, खाली सरांची सही. पत्रलेखकाचा संयम मला कावसजीच्या बाबतीत गुण वाटला. कुंभाराच्या बाबतीत तो दोषच आहे.

चित्राकडं शेवटी येऊ. शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४मध्ये, ते रंगवलं गेलं. चित्रकार जेम्स वेल्स, म्हणजे पुण्यात राहून सवाई माधवराव आणि नानांची चित्रं काढणारा स्कॉटिश माणूस. मासिकात त्यावरून कोरलेला ठसा छापला गेला. पत्र म्हणतं, काळ गेल्यावर कपाळावरचा व्रण फारसा नजरेत भरत नाही. चित्रात तो व्रण स्वच्छ दिसतो. मजकूर आणि चित्र यांची ही तफावत मला फार आवडते. लिहिणाऱ्यानं शस्त्रक्रियेची बाजू घेतली आणि चित्रकारानं समोर दिसलं ते काढलं. आजही निकाल दाखवताना अशीच ओढाताण होते, म्हणून फोटो काढायलासुद्धा निवासी डॉक्टरला शिस्त लावतात: आधीचा आणि नंतरचा, उजेड तोच, कोन तोच, अंतर तेच. वेल्सचं चित्र हे त्या शिस्तीतलं ‘नंतर’ आहे. ‘आधी’ काढायला कुणी नव्हतं.

प्लास्टिक सर्जरी म्हटलं की आमच्याकडं अजूनही सिनेनटीच्या नाकाचा विषय निघतो. प्रत्यक्षात या पट्ट्यात ती लागते ती वेगळ्यांना. प्रेसमध्ये बोटं गेलेला कारखान्यातला पोरगा. भात कापून झाल्यावर वीटभट्टीवर गेलेली आणि भाजून हात आखडलेली कातकरी बाई. द्रुतगती मार्गावर काचेतून बाहेर फेकला गेलेला ड्रायव्हर. घाटातून त्यांना खाली पनवेल-कामोठ्याकडं नाही तर ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरकडं न्यावं लागतं, आणि तिथं रात्री जो दार उघडतो तो बहुतेक वेळा शिकाऊच असतो. (तुटलेलं बोट नेताना ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. त्यानं ते जोडायच्या लायकीचं राहत नाही.) अंतियांना हे उमगलं होतं. नाकं-कान करण्यात नाव कमावलेला हा माणूस पुढं याच रायगड जिल्ह्यात मांडव्याला गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवत बसला.

म्हणून आपल्याकडच्या प्लास्टिक सर्जरी विभागांच्या प्रमुखांना एक विनंती आहे. नवी तुकडी रुजू होते त्या दिवशी तिच्या हाती हे पत्र द्या, मराठीत करून द्या म्हणजे रुग्णाशी ज्या भाषेत बोलायचं तिच्यातच ते डोक्यात बसेल. मग प्रत्येकाला त्यावरून आजच्या नमुन्यात ओटी नोट लिहायला सांगा. रुग्ण, इजेचं कारण, कालावधी, आखणी, फ्लॅपचा देठ, ड्रेसिंग, पुढचे दिवस, हे सगळे रकाने पत्रातून भरता येतील. भुलीचा रकाना कोरा राहील. सर्जनच्या रकान्यात ‘पुण्याजवळचा एक कुंभार’ एवढंच लिहिता येईल, आणि ते त्यांनी लिहावं.